गोड आणि गोड केलेलं

नरहरीकाकांनी साहेबांची माफी मागितली, आणि तिथूनच प्रकरण बिघडलं.

१९५० सालचा जानेवारी होता. साखर पुन्हा रेशनच्या कार्डावर गेली होती आणि साखर घालून केलेला पदार्थ बाजारात पाठवायचा तर परवाना दाखवावा लागे. काकांच्या सुकेळ्यांच्या करंड्या मुंबईला जायच्या म्हणून विरार स्टेशनच्या फलाटावर रचलेल्या होत्या. पुरवठा खात्याचे नवे अधिकारी, रामनाथन, त्या सकाळी माल तपासत होते. ते मद्रासकडचे, त्यांना मराठी येत नव्हतं. त्यांनी एक करंडी उघडायला लावली. वरची सुकी पानं बाजूला केली तर खालच्या तांबूस सुकेळ्यांवर पांढरी भुकटी. त्यांनी ती बोटावर घेऊन चाखली. साखरच होती.

"परवाना कुठाय?" शिपायाने काकांना विचारलं.

काकांनी हात जोडले. "माफ करा साहेब. माफ करा."

शिपायाने हे साहेबांना आपल्या परीने इंग्रजीत सांगितलं. मालकाने साखर घातल्याचं कबूल केलं, असं कागदावर उतरलं आणि करंड्या गोदामात गेल्या.

मी काकांना नंतर विचारलं, "पण माफी कशाची मागितलीत?"

"कशाची म्हणजे? साहेब चिडलेला दिसला. चिडलेल्या साहेबाची आधी माफी मागायची, मग काय झालं ते विचारायचं. मी विचारीपर्यंत करंड्या उचलल्या रे!"

ज्यांनी सुकेळी पाहिली नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. आमच्या नंदाखाल गावच्या वाड्यांत राजेळी नावाचं लांब, जाड केळं होतं. ते पूर्ण पिकलं की सोलून बांबूच्या ताट्यांवर उन्हात घालतात. संध्याकाळी सगळी फळं गोळा करून केळीच्या सुक्या पानांत गुंडाळतात, सकाळी परत ताट्यांवर. असं रोज. हळूहळू पाणी उडतं, फळ आकसतं, रंग मधासारखा होतो. त्यात मीठ नाही, मसाला नाही आणि साखरही नाही. मात्र माल चांगला असेल आणि हवा कोरडी राहिली, तर करंडीत ठेवल्यावर काही दिवसांनी अंगावर पांढरे कण येतात. मुंबईचा व्यापारी ते कण बघून भाव देतो. जयवंतीकाकी, म्हणजे नरहरीकाकांची बायको, हे काम लग्न होऊन आल्यापासून करत होती. पानमळा काकांचा, सुकेळी काकीची, अशी त्यांच्या घरात वाटणी होती.

आमचं घर त्यांच्या कुंपणाला लागून. ते हिंदू, आम्ही ख्रिस्ती, पण बोली एकच, आणि ती वसईबाहेरच्या माणसाला फारशी कळत नाही. या गोष्टीत काका-काकी जे बोलतात ते मी सरळ मराठीत लिहितो आहे. साहेब आणि मी इंग्रजीत बोलत होतो. तेही मराठीत लिहितो, फक्त काही शब्द होते तसेच ठेवले आहेत, कारण सगळं त्या शब्दांवर अडलं होतं.

मी आदल्या वर्षी बी.एस्सी. झालो होतो. मुख्य विषय रसायन, जोडीला वनस्पतिशास्त्र. एका रंगाच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरीचं बोलणं चालू होतं, तोवर गावच्या शाळेत शिकवत होतो. इंग्रजी शब्दांचा नाद मला कॉलेजच्या प्रयोगशाळेतच लागला. एकदा मी एका द्रावणाची तीन मापं घेतली. तिन्ही एकमेकांशी तंतोतंत जुळली. मी खूष. प्राध्यापकांनी आकडे पाहिले आणि म्हणाले, "प्रिसाइज. बट नॉट अ‍ॅक्युरेट." माझी नळीच चुकीची लावलेली होती. तिन्ही वेळा मी एकाच चुकीच्या जागी अगदी नेमका पोचलो होतो. मराठीत मी दोन्हींना अचूक म्हटलं असतं. तेव्हापासून एकसारखे दिसणारे दोन शब्द भेटले की त्यांच्यामध्ये फट कुठे आहे ते शोधत बसायचो. आमची आई म्हणायची, "एवढं शिकून पोरगा भाताचे दाणे वेगळे करतोय."

त्या दिवशी दुपारी जयवंतीकाकी आमच्या ओट्यावर येऊन बसली. रडली वगैरे नाही. पदराने मान पुसली आणि म्हणाली, "क्लेमेंट, तुझ्या इंग्रजीचा आज काहीतरी उपयोग होऊ दे."

"काय लिहिलंय साहेबांनी?"

"मला काय ठाऊक? मी पाहिलं असतं तरी मला त्यातलं काय कळलं असतं? ह्यांनी माफी मागितली म्हणे. घरात एवढ्या वर्षांत माझी एकदा मागितली नाही."

काका कुंपणापलीकडून ओरडले, "तू काय साहेब आहेस?"

"ऐक," काकी मला म्हणाली. "ह्या हंगामाचा जवळजवळ सगळा माल त्या गोदामात आहे. गोदामाची जमीन ओलसर. पंधरवड्यात सुटला नाही तर सादळेल, बुरशी धरेल, मग फुकट देऊनही कोणी घेणार नाही. आणि खटला झाला तर व्यापारी पुढच्या हंगामालाही दारात येणार नाही. साखर लावून विकणारी बाई, असं नाव पडेल. मी कधी लावली नाही. तुझ्या आईला विचार."

आई आतून म्हणाली, "लावायला हिच्याकडे साखर होती कधी?"

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी काकांना घेऊन साहेबांच्या कचेरीत गेलो. रामनाथन चाळिशीचे असतील. टेबलावरची प्रत्येक वस्तू टेबलाच्या कडेला समांतर होती. मला ते पाहून बरं वाटलं.

मी म्हणालो, "सर, या गृहस्थांनी कबूल केलं असं लिहिलं आहे. त्यांनी अ‍ॅपॉलॉजाइज केलं. अ‍ॅडमिट केलं नाही."

"माणूस माफी मागतो म्हणजे काहीतरी केलेलं असतं."

"आमच्याकडे नाही, सर. कुणाच्या मनाला त्रास झालेला दिसला तरी माफी मागतात. अ‍ॅडमिट करायला आधी एक वस्तुस्थिती लागते. अ‍ॅपॉलॉजाइज करायला समोर फक्त एक माणूस लागतो."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "आणि कन्फेस?"

"त्याला पाप लागतं. आमच्या चर्चमध्ये त्यासाठी वेगळी जागा असते."

ते हसले नाहीत, पण खुर्चीत जरा मागे टेकले. काका माझ्या कानाशी कुजबुजले, "करंड्यांचं बोल ना. चर्च कुठून आलं?"

मग मी करंड्यांचं बोललो. केळ्यात पीठ असतं, पिकताना त्याची साखर होते, वाळताना पाणी जातं, साखरेला विरघळून राहायला पाणी पुरत नाही, म्हणून ती कणांच्या रूपात बाहेर येते. हे फळ स्वीट आहे, स्वीटन्ड नाही. पहिला शब्द वस्तूबद्दल बोलतो, दुसरा कोणीतरी तिच्यावर केलेल्या कामाबद्दल. परवाना त्या कामासाठी लागतो.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. "तुमचा फरक मला मान्य आहे," ते म्हणाले. "पण मला दिसली ती पांढरी साखर. ती कुठल्या शब्दात बसते हे तुम्ही शब्दांवरून ठरवता आहात. मला ती येताना दाखवा. त्यांच्या घरी सध्या माल वाळतोय का?"

मी काकांना विचारलं. ताट्यांवर शेवटची खेप होती. काही फळं तयार होऊन पानांत बांधलेलीही होती, शनिवारपर्यंत त्यांवर कण धरायला हवे होते.

"मग मी शनिवारी येतो," साहेब म्हणाले. "जप्त मालातला नमुनाही आणतो. त्यांच्या घरी आपोआप साखर आलेली दिसली, तर माल सोडेन. नाही दिसली, तर मला पुढची कारवाई करावी लागेल. हे त्यांना नीट सांगा. प्रॉमिस नव्हे, कंडिशन."

वाटेत काकांनी विचारलं, "शेवटी काय म्हणाला?"

"वचन नाही, अट."

"आपल्याला काय फरक पडतो?"

"वचन त्यांनी पाळायचं असतं, काका. अट आपण."

काकांनी आभाळाकडे पाहिलं.

गुरुवारी आभाळ भरून आलं. पाऊस नाही, वारा नाही, नुसता राखेच्या रंगाचा ढग गावावर बसून राहिला. समुद्राकडून येणारी हवा इतकी दमट की आमच्या घरातलं मीठ पाझरलं. काकी दिवसभर ताट्यांजवळ उभी. सूर्य दिसला की पानं उघडायची, गेला की झाकायची. शुक्रवारीही तेच. संध्याकाळी मी कुंपणाजवळ गेलो तर ती एक सुकेळं हातात घेऊन उजेडाकडे धरून बघत होती. मधासारखं, मऊ, चकचकीत. त्यावर एकही पांढरा कण नव्हता.

"येईल?" मी विचारलं.

"तू शास्त्र शिकलास, तू सांग."

हवेत एवढं पाणी असताना साखर बाहेर येऊन कोरडी बसणार नाही, हे मला माहीत होतं. मी ते बोललो नाही. बोललो असतो तरी तिला काही नवं कळलं नसतं.

शनिवारी साहेब टांग्यातून एकटेच आले. हातात पत्र्याचा एक डबा होता, त्यात जप्त मालातली सुकेळी. टांगा रस्त्यावर थांबला. काकांनी ओट्यावर खुर्ची ठेवली होती आणि ती तीनदा पुसली होती. मी वनस्पतिशास्त्राच्या वर्गातलं माझं भिंग खिशात घेऊन गेलो होतो.

साहेबांनी आधी ताट्या पाहिल्या. सोललेली फळं कशी मांडतात, पानात कशी बांधतात, हे काकीने दाखवलं. मी एकाचं बोलणं दुसऱ्याच्या भाषेत करत होतो. मग ते खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "आता तयार झालेली दाखवा."

काकी आत गेली आणि पितळेची थाळी घेऊन आली. थाळीत केळीच्या हिरव्या पानावर सुकेळी ओळीने मांडलेली होती. प्रत्येकावर पांढरे कण चमकत होते.

साहेबांनी थाळीकडे पाहिलं, आपल्या डब्याकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच त्यांचा चेहरा सैल झाला. "तर मग हे असं येतं," ते म्हणाले. "तुम्ही म्हणालात ते बरोबर होतं. बघा, मला हे आधी कळायला हवं होतं." त्यांनी पेन काढलं.

काकांनी दोन्ही हात छातीशी नेले. आनंदाने काय करायचं ते त्यांना सुचत नव्हतं.

मी मात्र थाळीकडेच बघत होतो. हे कण चमकत होते. गेल्या हंगामापर्यंत मी पाहिलेले कण कधी चमकले नव्हते. ते पिठासारखे निस्तेज असत. आणि काल संध्याकाळी तर इथे काहीच नव्हतं.

मी गप्प राहिलो असतो तर माल सुटला असता. माल खरोखरच निर्दोष होता. सही खऱ्या गोष्टीवर पडणार होती, फक्त तिच्याखालचा पुरावा खोटा होता. हे सगळं माझ्या मनात एवढ्या नीट वाक्यांत आलं असं नाही. मला एवढंच जाणवलं, की साहेब माझ्या तोंडून आलेल्या शब्दावर विश्वास ठेवून लिहीत आहेत.

मी आमच्या बोलीत विचारलं, "काकी, ही कुठली साखर?"

काकीने माझ्याकडे सरळ पाहिलं. "आमची. कार्डावरची."

"लावलीस?"

"मग? घरात पहिल्यांदा आलेला माणूस. त्याच्यापुढे कोरडं ठेवू?"

इथे आमच्या गावातली एक रीत सांगायला हवी. नवा माणूस घरी आला की त्याला पहिल्यांदा जे काही द्याल ते नुसतं द्यायचं नसतं. त्यावर चिमूटभर साखर लागते, साखर नसली तर गुळाचा खडा. हिंदूंकडे तसंच आणि आमच्याकडेही तसंच. साखर कार्डावर गेल्यापासून बहुतेक घरांनी हे सोडून दिलं होतं. काकीने सोडलं नव्हतं, किंवा त्या दिवसापुरतं पुन्हा धरलं होतं.

"काय म्हणतात त्या?" साहेबांनी विचारलं. पेन कागदावर टेकलेलं होतं.

काका हलक्या आवाजात म्हणाले, "क्लेमेंट, काही सांगू नकोस. सही होऊ दे. पोरा, पाया पडतो."

मी साहेबांना म्हणालो, "सर, या थाळीतली साखर फळातून आलेली नाही. ती वरून घातली आहे. ढगाळ हवेमुळे या खेपेला कण आलेच नाहीत."

पेन उचललं गेलं. "म्हणजे त्या साखर घालतात."

"या थाळीवर घातली. पाहुण्याला नुसतं देणं बरं दिसत नाही म्हणून, असं त्या म्हणतात."

"अधिकारी तपासायला येतो त्या दिवशी?"

मी काकीकडे वळलो. काकी थाळी हातात धरून तशीच उभी होती. इंग्रजी तिला कळत नव्हतं, पण साहेबांचा चेहरा कळत होता. ती मला म्हणाली, "सांगितलंस?"

"हो."

"बरं," ती म्हणाली, आणि थाळी ओट्यावर ठेवली. त्या 'बरं'मध्ये राग होता की नुसती दमणूक, मला ओळखता आलं नाही.

काका बोलत सुटले. "झालं! शिकवला, मोठा केला, आपल्याच झाडाखाली खेळला, आणि आपल्याच मुळावर आला. अरे, खोटं बोल असं कोण म्हणालं? गप्प बस म्हणालो. गप्प बसणं म्हणजे खोटं बोलणं का?"

एरवी मी या प्रश्नावर तासभर बोललो असतो.

साहेब उठायला लागले. त्यांनी डब्याचं झाकण लावायला घेतलं आणि तेव्हा थाळी आणि डबा शेजारी शेजारी होते. मी ते पाहिलं आणि माझी इतक्या दिवसांची चूक लक्षात आली. आम्ही सगळे शनिवारी साखर येते का याची वाट पाहत बसलो होतो. आली असती तरी त्यातून काय कळलं असतं? घातलेली साखर कशी दिसते हे शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय, आलेली साखर वेगळी आहे हे कुणी कशावरून म्हणणार? प्रयोगशाळेत मी हे कधी विसरलो नसतो. इथे तुलनेची वस्तू मला मागायचीच सुचली नव्हती, आणि काकीने ती पानावर मांडून समोर आणून ठेवली होती.

"सर, एक मिनिट," मी म्हणालो. "हे फळ शुगर्ड आहे. कुणी साखर लावली तर ते असं दिसतं. आता तुमच्या डब्यातलं बघा." आणि भिंग पुढे केलं.

साहेब थोडा वेळ उभेच राहिले. मग बसले. त्यांनी भिंग माझ्याकडून घेतलं आणि स्वतः बघायला लागले. आधी थाळीतलं. मोठे, पारदर्शक, कोपरेदार दाणे, एकमेकांपासून सुटे. काहींच्या बुडाशी ओल सुटायला लागलेली. मग डब्यातलं. तिथे दाणे असे नव्हतेच, दाट, बारीक, पांढरट थर होता, सुरकुतीच्या रेषेने गेलेला, जसा ओल्या भिंतीवर खारट लोणा येतो तसा.

"थोडं आपटून बघा," मी म्हणालो.

त्यांनी थाळीतलं सुकेळं उचलून पानावर हलकंच आपटलं. साखर खाली सांडली. डब्यातलं आपटलं. काही पडलं नाही.

"चिकटली असेल," साहेब म्हणाले. "ओली असताना लावली तर चिकटेल."

"ओल्यावर लावली तर विरघळेल, सर. थाळीतली खालून विरघळायला लागलीच आहे."

"कदाचित. कदाचित पुरेसं नाही." त्यांनी डब्यातली सगळी सुकेळी पानावर ओतली, मला हात लावू दिला नाही, आणि स्वतः एक निवडलं. मधोमध धरून लांबीच्या बाजूने फाडलं. सुकेळं सहज फाटत नाही. चामड्यासारखं ओढावं लागतं. आत गर्द तपकिरी गर होता, आणि गराच्या मधल्या शिरेत, जिथे बाहेरून सुईसुद्धा पोचली नसती, तिथे तेच पांढरे कण होते.

त्यांनी भिंगाशिवायच ते पाहिलं. मग दुसरं फाडलं. मग थाळीतलं एक फाडलं. त्याच्या आत काहीच नव्हतं, नुसता चकचकीत गर.

"हे आत कोणी घालू शकत नाही," ते स्वतःशीच म्हणाले.

काकी माझ्याजवळ सरकली. "फाडून का टाकतोय माझी फळं?"

"सोडवतोय, काकी."

साहेबांनी जुना कागद काढला आणि 'स्वीटन्ड' या शब्दावर आडवी रेघ मारली. तिथे काय लिहावं यावर ते अडले. मला विचारलं. मी 'नॅचरली स्वीट' म्हणालो. ते म्हणाले, 'नॅचरल' हा शब्द व्यापारी वापरतात, त्यावर माझा विश्वास नाही. मी म्हणालो, मग नुसतं साखर घातलेली नाही असं लिहा. ते म्हणाले, तो नकार झाला, वर्णन नाही झालं. आम्ही दोघं असे वाद घालत बसलो आणि काका एकदा साहेबांकडे, एकदा माझ्याकडे बघत होते.

"काय झालं आता?" त्यांनी शेवटी विचारलं.

"शब्द शोधतायत."

"शब्द? अजून? अरे, टांगेवाला झोपला असेल तिकडे!"

अखेर साहेबांनी लिहिलं: या फळावरची साखर त्या फळाची स्वतःची आहे. माल परत करावा. त्यांनी सही केली, तारीख घातली, शाई वाळेपर्यंत कागद हातात धरला आणि मग काकांच्या हातात दिला.

काकांनी कागद घेतला आणि सवयीने हात जोडले. "माफ करा साहेब."

"अ‍ॅपॉलॉजी," साहेब माझ्याकडे बघून म्हणाले. "नॉट अ‍ॅडमिशन." आणि तेव्हा ते हसले.

मग त्यांनी थाळी जवळ ओढली. साखर लावलेलं एक सुकेळं उचललं आणि सावकाश, सगळं खाल्लं. मघाशी काकीने थाळी पुढे केली होती तेव्हा त्यांनी ती घेतली नव्हती, हे माझ्या लक्षात आलं होतं. मी तसं म्हणालो.

"सहीच्या आधी खाल्लं असतं तर तो ब्राइब झाला असता," ते बोटं पुसत म्हणाले. "आता गिफ्ट आहे. वस्तू तीच." थोडं थांबून म्हणाले, "आमच्याकडे खडीसाखर देतात. माझी आई अजून देते. कार्डावर मिळते त्यातून कशी पुरवते, मला कधी कळलं नाही."

हे मी काकीला सांगितलं. तिने आणखी दोन सुकेळी पानात बांधून त्यांच्या डब्यात टाकली, आणि या वेळी त्यांच्यावर साखर घातली नाही.

टांगा गेल्यावर काका करंड्या आणायला बैलगाडीवाल्याकडे धावले. जाताना माझ्या पाठीवर एक थाप मारून गेले. ती कौतुकाची होती की मघाच्या रागाची उरलेली, ते मी विचारलं नाही. मी आणि काकी ओट्यावर राहिलो. पानावर सांडलेली साखर ती बोटाने गोळा करत होती.

"रागावलीस?" मी विचारलं.

"परक्या माणसासमोर माझ्या ताटावर बोट ठेवलंस. तुझ्या आईने असं केलं असतं?"

"माल सुटला, काकी."

"सुटला ते बरं झालं. मी ताटाचं बोलते."

मी मान खाली घातली. मग धीर करून विचारलं, कारण तो प्रश्न मला सोडत नव्हता आणि साहेबांनी विचारला तेव्हा मी तो अर्धवट टाकला होता. "काकी, मी त्यांना सांगितलं की तू पाहुण्याच्या मानासाठी साखर लावलीस. ते खरं सांगितलं ना मी? की कण आले नाहीत म्हणून घाबरून लावलीस?"

काकीने गोळा केलेली साखर साखरेच्या डब्यात टाकली आणि झाकण दाबून बसवलं.

"सकाळी उठून आभाळ बघितलं," ती म्हणाली. "तसाच ढग. तेव्हा साखरेचा डबा खाली काढला. हातात घेतला आणि वाटलं, हे काय करते मी. परत ठेवत होते. मग आठवलं, माणूस पहिल्यांदा घरी येतोय, थाळीवर साखर तर लागणारच. मग लावली. लावताना मनात पाहुणाच होता. पण डबा खाली आला तो ढगामुळे." तिने माझ्याकडे पाहिलं. "आता तू सांग यातलं काय ते. तुझ्याकडे त्या भाषेत शब्द असेल."

मी बराच वेळ शोधला. मान आणि भीती यांना वेगवेगळे शब्द आहेत, दोन्ही भाषांत भरपूर आहेत. ती दोन्ही हातात हात घालून डबा खाली काढतात, त्याला मला एकही सापडला नाही. साहेबांना मी जे सांगितलं ते खोटं नव्हतं. पुरतं खरं होतं का, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

"नाहीये," मी म्हणालो.

"नसेल तर नसू दे," काकी उठली. पश्चिमेकडून ढग फाटत होता आणि ताट्यांच्या एका टोकावर ऊन पडलं होतं. "ये इकडे. त्या बाजूची फळं पालथी घाल. हात धुऊन ये आधी."